व्हाळापलीकडचे रूळ

लग्नाच्या पंगतीत बसलेला माणूस आपल्या पानाकडे बघतो, फार तर शेजाऱ्याच्या. रूळकार वाढप्याला थांबवून विचारायचे, "ह्यो तांदूळ खंयसून इलो रे? आणि कशातसून इलो?" वाढपी म्हणजे बिचारा नवरीचा चुलतभाऊ. तो म्हणायचा, "ट्रकातसून इलो असतलो, काका." की झालं. "ट्रकातसून!" हे ते ज्या आवाजात उच्चारत, त्यावरून पलीकडच्या पंगतीला वाटावं, मांडवात कुणीतरी दगावलं. मी एकदा त्यांच्या शेजारी जेवायला होते. म्हटलं, "साहेब, भात निवतोय." तर म्हणाले, "निवां दे. ह्यो भात आमच्या गाडयेन येवक होयो होतो, गो बाय."

रूळकार हे काही त्यांचं नाव नव्हे. कसालपासून थोडं आत आमच्या रेल्वेचं एक लहानसं स्टेशन आहे, तिथल्या रुळांची देखभाल त्यांच्याकडे होती. कागदावरचा त्यांचा हुद्दा लांबलचक इंग्रजी होता आणि गावात कुणालाच तो धड म्हणता यायचा नाही. रापणीचं मोठं जाळं ओढणारा तो रापणकार, मग रूळ सांभाळणारा तो रूळकार, असा गावाने सोपा मार्ग काढला. त्याच स्टेशनवर मी तिकिटं आणि मालाचं बुकिंग बघायचे. म्हणजे तिकिटंच बघायचे, माल कधी यायचाच नाही. माझं माहेर कुणकेश्वरचं. घरात होडी आणि जाळी. नोकरी लागेपर्यंत रूळ या वस्तूशी माझा संबंध आला नव्हता आणि लोखंडावर कुणी इतका जीव लावावा हे मला हास्यास्पद वाटायचं. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंही. ते अजिबात रागावले नाहीत. "तुझो बापूस पुनवेक दर्याक नारळ देता मां? होडयेक हळद-कुंकू लावता मां? मगे माका कित्या हसतंस?" यावर मी त्यांना चहा दिला.

त्यांचा सगळा जीव होता तो सायडिंगवर. सायडिंग म्हणजे मुख्य मार्गाला फुटलेली बाजूची लाईन, मालाचे डबे उभे करून भरायला. ही रेल्वे बांधत होते तेव्हा व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, खाणीतून खडी आणण्यासाठी ती टाकली होती. म्हणून ती स्टेशनमागच्या, माल चढवायच्या धक्क्याशी न थांबता तशीच पुढे जाते, एका बुटक्या पुलावरून व्हाळ ओलांडते आणि पलीकडच्या माळावर जाऊन संपते. रेल्वे बांधून झाली, खाण बंद पडली, रूळ तेवढे मागे राहिले. कित्येक वर्षांत त्यांच्यावर डब्याचं चाक फिरलेलं नव्हतं.

आणि रूळकार रोज सकाळी हातोडी घेऊन ती सायडिंग शेवटच्या टोकापर्यंत चालून यायचे. मधूनमधून वाकून रुळावर टकटक करायचे, कान लावायचे आणि विचारायचे, "बरी आसा मां?" रुळावर पाय कधी द्यायचे नाहीत, ओलांडून जायचे. स्लीपरांमधली रानमोडी हाताने उपटायचे, रूळ स्लीपरांना जखडणाऱ्या गंजलेल्या चाव्यांना तेल घालायचे, पावसाने वाहून गेलेली खडी पुन्हा भरून घ्यायचे. मुख्य मार्गाचं काम आटोपून दमलेले गँगमन कुरकुरायचे. एकाने वैतागून विचारलं, "सायबानु, हेच्यावरसून काय भुतां जातत?" रूळकार म्हणाले, "जातत तर जावंदेत. भुतांकय वाट सरळ होयी." मग मात्र शांतपणे समजावून सांगितलं, "पावण्याक बोलवच्या आधी खळां सारवचा. पावणो दारात इल्यार शेण कालवूक बसलंस तर तो परततलो."

गँग कमी पडायची म्हणून त्यांनी आणखी भरती केली होती. गावातल्या एका म्हातारीच्या शेळ्या सायडिंगवर चरायला सोडायची त्यांची परवानगी होती. नियमात हे अजिबात बसत नाही. पण शेळ्या गवत वाढू देत नसत आणि त्यांना पगारही नको असे. गँगच्या मुकादमाला रेल्वेत मेट म्हणतात. त्या कळपातल्या फाटक्या कानाच्या बोकडाला रूळकारांनी मेट करून टाकलं होतं. "मेट खंय आसा आज?" म्हणून विचारायचे आणि म्हातारीही गंभीरपणे सांगायची, "मेटाचा पोट बिघाडला हा, आज रजेर आसा." एकदा तपासणीला वरचे अधिकारी आले नि नेमका हा बोकड रुळांमध्ये उभा. अधिकारी दिसला की रूळकार मालवणी खुंटीला टांगून पुस्तकी मराठीत शिरायचे. म्हणाले, "सर, सदर बोकड या ठिकाणी तात्पुरत्या स्वरूपात आहे." अधिकारी हसू दाबत पुढे गेले. मी मात्र टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला जी वाकले ती बराच वेळ वर आले नाही.

रूळ तयार, पण गिऱ्हाईक कुठे होतं? ते शोधायला रूळकार उपवर मुलीच्या बापासारखे हिंडायचे. सुट्टीच्या दिवशी तळेऱ्याला जायचे. तिथे हायवेला देवगड-विजयदुर्गचा रस्ता फुटतो, म्हणून ट्रक हमखास थांबतात. चहाच्या टपरीवर बसून एकेका ट्रकाचे चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे किती दबलेत ते बघायचे आणि आत काय असेल ते ओळखायचे. ओळखता आलं नाही तर सरळ ड्रायव्हरला विचारायचे. काजूच्या कारखान्यात जाऊन आले, भातगिरणीत गेले, चिऱ्यांच्या खाणीवर तर इतक्यांदा गेले की तिथला कुत्रा भुंकेनासा झाला. सगळीकडे चहा मिळायचा आणि सगळीकडे एकच उत्तर, "बघूया." आमच्याकडे बघूया म्हणजे नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. रूळकार मात्र दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी येऊन आनंदाने सांगायचे, "नाय म्हणूक नाय हां! बघूया म्हणालो."

दहाच्या सुमाराला ते माझ्या खोलीत येऊन पेज जेवायचे. डब्यात भाजलेला सुका बांगडा, कधी आंब्याची फोड. त्यातला अर्धा बांगडा न विचारता माझ्या झाकणात पडायचा. मी मासे खाऊन वाढलेली, पण त्यांच्या बायकोसारखा बांगडा भाजणारं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. त्या नोकरीत मी सुखात होते याचं निम्मं कारण तो बांगडा होता.

हे सगळं वेड कशापायी, ते मला त्यांच्या घरी गणपतीला गेले तेव्हा कळलं. पडवीत त्यांचे वडील बसले होते. खूप म्हातारे, पण नजर आणि जीभ दोन्ही शाबूत. मला म्हणाले, "बाय खंयची?" मी म्हटलं, "कुणकेश्वरची. साहेबांबरोबर रेल्वेत असते." म्हातारा म्हणाला, "रेल्वेत? मगे तुझ्या सायबाक विचार, माझ्यो काजी खंय गेल्यो." रूळकार आत मोदकांचं ताट आणायला निघून गेले.

परत मला स्टेशनवर सोडताना त्यांनी आपणहून सांगितलं. सायडिंगची जमीन त्यांच्या वडिलांची. तिच्यावर काजूची जुनी बाग होती. रेल्वे आली तेव्हा रूळकार नुकतेच नोकरीला लागलेले. मोजणीची माणसं आली, तर म्हातारा झाडाखाली घोंगडी टाकून बसला आणि उठेना. कुणाचं ऐकेना. शेवटी रेल्वेच्या साहेबांनी मुलालाच पाठवलं.

"मी बाबांक सांगलंय, हंयसून आपल्या गावचो माल जातलो. तुमच्यो काजी एका घराक पोसतत, ही गाडी गावाक पोसतली. बाबा हो म्हणूक नाय, नाय म्हणूक नाय. घोंगडी झाडल्यानी आणि घराक गेले." रूळकारांनी वाटेतला एक दगड पायाने बाजूला केला. "ता झाल्यार घरात काजूचो बोंडू इलो तरी हात लावणत नाय. सायबाक दिलेलो शबूद सायबाबरोबर बदलीन जाता, गो. बापाशीक दिलेलो शबूद रोज समोर पडयेत बसता."

त्यानंतर मी त्यांच्या "बघूया"ला हसले नाही. हसणं आलंच, तर त्यांच्याबरोबर हसले.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस वरून साहेब आले, सायडिंगवरून चालले आणि म्हणाले की रूळ उत्तम स्थितीत आहेत. रूळकारांचा चेहरा फुलला. साहेब पुढे म्हणाले, म्हणूनच ते उचलून दुसरीकडे वापरता येतील. वर्ष संपेपर्यंत इथे माल भरला गेला तर ठीक, नाहीतर सायडिंग बंद. साहेब काही दुष्ट नव्हते, वापरात नसलेली वस्तू कोण ठेवतो? पण मला इतका संताप आला की मी त्यांना चहाचं विचारलं नाही. रूळकार म्हणाले, "होय सर. योग्य आहे सर." आणि त्या दिवशी त्यांनी पेजेचा डबा उघडला नाही.

दिवाळीच्या आधी तळेऱ्याला त्यांना गुजरातेतला एक शेठ भेटला. अगरबत्तीच्या काड्या करायला बांबू न्यायचा त्याचा धंदा. आमच्याकडचा माणगा, म्हणजे काठ्यांसाठी घराघरांत लावलेला बांबू, त्याला हवा होता आणि ठरवलेले ट्रक आले नव्हते म्हणून तो टपरीवर कपाळाला हात लावून बसला होता. रूळकारांनी त्याला स्कूटरवर मागे बसवून थेट सायडिंगवर आणला. शेठने रूळ बघितले, बोकड बघितला, मोडक्या मराठीत म्हणाला, "डबा वेळेवर मिळेल?" आणि रूळकारांनी मान डोलावताच म्हणाला, "हो." रूळकार धावत माझ्या खिडकीशी आले. "हो म्हणालो, गो बाय! बघूया म्हणूक नाय! हो म्हणालो!" तिकिटाच्या रांगेतली माणसं त्यांच्याकडे बघत राहिली.

अख्खं गाव कामाला लागलं. घरामागचे माणगे तुटले, मोळ्या बांधल्या गेल्या, धक्क्यावर थप्प्या लागल्या. भरायलाही गावचीच माणसं यायची होती. डबे मंजूर झाले, येण्याचा दिवस ठरला. आणि देवळात कौल झाला.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. त्या गावात गावपळण पाळतात. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेला कौल लावायचा. देवाने उजवा कौल दिला की सगळं गाव घरांना कड्या घालून, गुरं, शेळ्या, कोंबड्या, कुत्री यांच्यासकट तीन दिवस वेशीबाहेर जाऊन खोपी बांधून राहतं. गावात चूल पेटत नाही, माणूस थांबत नाही; स्टेशनवर आम्ही बाहेरगावचे तेवढे ड्युटीला. का, याचं प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि उत्तरावाचून कुणाचं अडतही नाही. यंदा पळणीचं वर्ष आहे हे शेंबड्या पोरांना ठाऊक होतं, रूळकारांनाही होतं. पण गिऱ्हाईक मिळाल्याच्या आनंदात ते साफ विसरले होते. डबे यायचे होते ते नेमके पळणीच्या दुसऱ्या दिवशी.

रूळकार स्वतः त्या गावचे. आता वरच्या कचेरीला फोन करायला ते धजेनात. तो मी केला.

"सर, डबे दोन दिवस पुढे ढकलता येतील का? गाव बाहेर जाणार आहे."

"कुठे जाणार आहे?"

"वेशीबाहेर, सर."

"कोण कोण?"

"सगळे, सर."

"अहो, म्हणजे भरणारे मजूर ना?"

"मजूर, मालक, सरपंच, कोंबड्या. सगळे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले की डबे वाटेला लागले आहेत, रिकामे थांबवता येत नाहीत. भरले नाहीत तर तसेच परत जातील आणि मग सायडिंगचं जे ठरलंय ते होईल. मी फोन ठेवला. रूळकार दारात उभे होते.

शेठने तोड काढली. तो म्हणाला, कसालहून माणसं आणू, धक्क्यावर भरून टाकू. रेल्वेची जमीन, बाहेरचे मजूर, कुणाला काय त्याचं? मला हे पटलं होतं, खोटं कशाला बोलू. रूळकारांनी मान हलवली. "गाव उपाशी भायर बसलेलो आणि आमी तेच्या रिकाम्या घरांमधी आरडाओरड करान माल भरूचो? ह्या माझ्यान जावचा नाय." गाव काही उपाशी बसत नाही, उलट पळणीत मटण-वड्यांची चैन असते, हे मी बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तरीपण."

संध्याकाळी ते देवळात गेले. मीही मागोमाग गेले. गावचे मुख्य मानकरी ओट्यावर बसले होते. रूळकारांनी त्यांना विचारलं, "गावची शीव खंय सोपता?"

"तुका ठावक नाय? व्हाळात, पाण्याच्या मधोमध."

"मगे व्हाळापलीकडे काम केला तर चलात?"

मानकऱ्यांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "पलीकडे आमचो देव नाय, शेजारच्या गावचो आसा. तेका विचार."

"तेका नारळ ठेवतंय. पण माझे डबे थंय नेवक होये आणि माल हंय धक्क्यार आसा."

"पळणीक काय घेवन जावचा आणि काय नाय, ह्या देव सांगणा नाय," मानकरी म्हणाले. "ज्याचा तेना ठरवचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव निघालं. मी स्टेशनच्या कठड्याशी उभी राहून बघत होते. डोक्यावर टोप, काखेत कोंबडी, पुढे म्हशी, हे दरवेळचं झालं असेल. त्या वर्षी प्रत्येकाच्या खांद्यावर बांबू होते. बापयांनी मोळ्या उचलल्या होत्या, पोरांनी दोघांत मिळून एकेक काठी, बायकांनी डोईवरच्या गाठोड्यावर आणखी चार आडव्या. शेळ्यांची म्हातारी बोकडाला दोरीने ओढत होती आणि दुसऱ्या हातात तिच्या एक काठी होती, तीसुद्धा शेठचीच. रूळकारांच्या वडिलांना खुर्चीत बसवून चौघांनी नेलं. त्यांच्या मांडीवर पानाचा डबा होता. सगळ्यात मागे रूळकार. थप्पीची जागा झाडूनपुसून लख्ख झाली होती. मी काही फार भाविक बाई नाही, पण माझे डोळे भरून आले. कुणी कुणावर जबरदस्ती केली नव्हती.

सकाळी डबे आले. आता अडचण अशी, की इंजिन डबे मागून ढकलत सायडिंगमध्ये नेणार, पुढे कुणीतरी झेंडी घेऊन वाट दाखवत चालायला हवं आणि वाट माहीत असलेला एकमेव माणूस व्हाळापलीकडे. सगळी गँग गावचीच, तीही पलीकडे. गार्ड नवा. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, त्या पुलाचं काय? इतक्या वर्षांत कुणी गेलंय का त्यावरून?" मी म्हटलं, "पुलाला रोज सकाळी विचारतात, बरा आहेस का म्हणून." ड्रायव्हरने माझ्याकडे काळजीने बघितलं.

मग गार्डबरोबर पुढे मीच चालले. तिकिटं विकणारी बाई, पायात चपला, साडी खोचलेली. रूळकारांची रोजची बडबड इतकी कानात होती की कुठे वळण घट्ट आहे, कुठे सांधा आहे, ते मला झोपेतही सांगता आलं असतं, आणि हे मला तोवर माहीतच नव्हतं. मागून डबे खडखडत येत होते. पुलाच्या अलीकडे आलो तर रूळकार पुलाच्या बरोबर मध्यावर उभे. खाली पाणी.

"साहेब, या की पुढे! झेंडी घ्या!"

"तू ये, गो. हेच्या फुडे गाव आसा. माका पाय टाकूचो नाय."

मी पुलाच्या मध्यापर्यंत गेले आणि झेंडी त्यांच्या हातात दिली. ते डब्याकडे तोंड करून उलट पावलांनी चालू लागले. एक हात वर, ओठ हलत होते. डबा पुलावर चढला तेव्हा खालून एकदा कुरकुर आली आणि ड्रायव्हरने वेग आणखी कमी केला. एकेक करून सगळे डबे पलीकडे गेले. पलीकडच्या माळावरून जो गजर झाला, तो ऐकून व्हाळातले बगळे उडाले.

शेठ आपल्या जीपने आधीच पोचला होता. तो माळभर सैरभैर फिरत होता. "माझा माल कुठाय?"

मी आजूबाजूला बघितलं आणि मला हसू आवरेना. माळावर ओळीने खोपी उभ्या होत्या. खोपी बांधायला काठ्या लागतात, काठ्या समोर आयत्या होत्या, आदल्या दिवशी संध्याकाळ झाली होती आणि पोरं थंडीने कुडकुडत होती. शेठचा माल उभा होता, त्याच्यावर झावळ्या आणि लुगडी घातली होती, आत लोक सकाळचा चहा पीत होते.

"शेठ, कायएक जावक नाय तेका," एक बाई आतून म्हणाली. "रातभर आमीच राखण केलव. येवा, आंबोळी खावा."

शेठ खोपीत बसला, आंबोळी खाल्ली आणि आपल्या मालाकडे आतून बघत राहिला. मग तोही हसायला लागला. पुढे दोन-चार तास नुसता धुमाकूळ. एका बाजूने खोपी उतरत होत्या, दुसऱ्या बाजूने डबे भरत होते. बायका डोक्यावरचं छप्पर गेल्याबद्दल नवऱ्यांना बोलत होत्या आणि स्वतःच गाठी सोडत होत्या. भजनाचे टाळ बाहेर निघाले. चुलींवर कोंबडीचा रस्सा चढला. मी त्या दिवशी किती वडे खाल्ले ते सांगत नाही.

डबे भरून गेले. शेठ पुढच्या हंगामात पुन्हा आला, त्याच्या ओळखीने आणखी एकदोघे आले, आणि रूळ उचलण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. रूळकार निवृत्त झाले. आता रोजच सुट्टी, म्हणून रोज तळेऱ्याच्या टपरीवर बसलेले असतात. परवा मला म्हणाले, कोकमाच्या पिंपांचा एक माणूस आहे. "काय म्हणाला?" विचारलं. म्हणाले, "बघूया म्हणालो." चेहरा असा, की कुणी पाहिलं तर म्हणावं, याला गादी मिळाली.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. शेवटचा डबा भरत आला होता. माळावर एकच खोप उरली होती, रूळकारांच्या वडिलांची. ती रूळकारांनी आदल्या संध्याकाळी स्वतः बांधली होती, चांगले जाड माणगे निवडून. लोक तिच्याकडे वळले तसे रूळकार आडवे आले. "ती रवां दे. बाबांच्या डोक्यार ऊन नको." शेठही म्हणाला, राहू दे, एवढ्याने काय होतंय.

म्हातारा आत खुर्चीत बसून सगळं बघत होता. त्याने हाक मारली. "डबो भरलो काय रे?"

"भरलो, बाबा."

"खोटा बोलतंस. वर जागा आसा. माका हंयसून दिसता."

रूळकारांनी डब्याकडे वळून बघितलं.

"ह्ये काढ आणि थंय घाल."

"बाबा, ऊन लागात..."

"काजी तोडूच्या आधी तू माका विचारूक इल्लंस," म्हातारा म्हणाला. "तेव्हा मी हो म्हणूक नाय. आज म्हणतंय. हो. काढ."

रूळकार खोपीपाशी गेले आणि गाठ सोडायला लागले. रोज लोखंडी चाव्या ठोकणारे ते हात, पण सुंभाची साधी गाठ सुटेना. त्यांना पुढचं दिसत नव्हतं. म्हातारा थोडा वेळ बघत राहिला, मग त्याने बसल्या जागेवरून हात वर केला आणि ती गाठ स्वतः सोडवली.